प्लेअरवर विलंबिताच्या आधी द्रुत वाजते: जुन्या कॅसेटींचा संग्रह नीट कसा लावावा?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

नमस्कार.

माझ्या वडिलांकडे १८६ कॅसेटी आहेत. त्यांतील बहुतेक त्यांनी १९७८ ते १९९६ या काळात आकाशवाणीवरून किंवा परिचितांच्या फितींवरून स्वतः उतरवून घेतल्या. विकत घेतलेल्या फार तर चाळीस असतील. गेली दोन वर्षे मी टेपडेक संगणकाला जोडून ऑडॅसिटीमध्ये एकेक बाजू ध्वनिमुद्रित करत होतो आणि मागच्या महिन्यात ते काम संपले. मूळ मुद्रणे फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात संगणकावर आणि एका बाह्य डिस्कवर ठेवली आहेत. ऐकण्यासाठी १९२ केबीपीएसच्या एमपी३ प्रती केल्या असून त्यांचा एकूण आकार सुमारे २२ जीबी भरतो.

वडील ७९ वर्षांचे आहेत. मोबाइलच्या पडद्यावर बोट नेमके कोठे ठेवायचे हे त्यांना नीट दिसत नाही, आणि मैफल रंगात आलेली असताना फोन वाजला की त्यांचा विरस होतो. म्हणून बटणे असलेला एक छोटा प्लेअर घेतला, त्यात ६४ जीबीचे कार्ड घातले आणि सर्व फायली त्यावर चढवल्या. हे झाले आणि अडचणी सुरू झाल्या.

पहिली अडचण क्रमाची. एका रागाच्या दोन फायली आहेत, विलंबित (आधीचा, संथ लयीतला भाग) आणि द्रुत (नंतरचा, जलद लयीतला भाग). प्लेअर जवळजवळ प्रत्येक वेळी द्रुत आधी वाजवतो. दुसरी नावांची. मी टॅग, म्हणजे फाईलमध्येच साठवलेली गाण्याचे शीर्षक, कलाकार अशी माहिती, देवनागरीत भरले होते. काही फायलींची नावे नीट दिसतात, काहींच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, काहींच्या जागी रिकामे चौकोन. तिसरी अशी की १९८४ च्या एका संमेलनाची फीत मी एकच अल्बम म्हणून लावली होती, ती यादीत तीन वेगळ्या अल्बमांत विभागलेली दिसते. चौथी अडचण मला सर्वांत जास्त काळजीत टाकणारी आहे. कित्येक फायली दोन-तीन मिनिटे वाजून थांबतात किंवा मध्येच खरखर येऊन पुढच्या फायलीवर जातात. याच फायली संगणकावर पूर्ण वाजतात.

कृपया कोठून सुरुवात करावी ते सांगावे.

खर्ज

चौथ्या अडचणीपासून सुरुवात करा, आणि ती सुटेपर्यंत बाकीच्या तिन्हींना हात लावू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. फायली संगणकावर पूर्ण वाजत असतील आणि कार्डावरून वाजत नसतील, तर दोष फायलींत नसून कार्डात असण्याची शक्यता फार मोठी आहे. बाजारात अशी पुष्कळ कार्डे मिळतात की ज्यांच्या वेष्टनावर ६४ जीबी लिहिलेले असते, संगणकालाही ती ६४ जीबीच सांगतात, पण आतली खरी जागा ७ किंवा १४ जीबी असते. खरी जागा संपल्यावर कार्ड तक्रार करत नाही. पुढची माहिती ते आधीच्या माहितीवर लिहिते किंवा नुसतीच टाकून देते. त्यामुळे फायलींची नावे आणि आकार यादीत व्यवस्थित दिसतात, परंतु आतील गाणे अर्धवट किंवा पूर्णच नाहीसे झालेले असते.

हे तपासण्यासाठी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ हे मोफत प्रोग्रॅम आहेत. दोन्ही प्रोग्रॅम संपूर्ण कार्ड ठरावीक माहितीने भरतात आणि मग ती परत वाचून जुळते का ते पाहतात. तपासणीपूर्वी कार्ड रिकामे करावे लागते. तुमची मूळ मुद्रणे दोन ठिकाणी सुरक्षित आहेत, तेव्हा ते करायला हरकत नाही. ६४ जीबीच्या कार्डाला काही तास लागतात. रात्री लावून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. ३२ जीबीहून मोठी कार्डे कारखान्यातून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि पुष्कळ लहान प्लेअरांना फक्त फॅट३२ वाचता येते. विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत एवढ्या मोठ्या कार्डासाठी फॅट३२ चा पर्याय दिसत नाही, त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम घ्यावा लागतो. तुमचा प्लेअर हे कार्ड वाचतो आहे म्हणजे ही अडचण तुम्हाला सध्या नाही, पण कार्ड बदलावे लागले तर ती येऊ शकते.

पूर्वांग

खर्ज यांच्याशी मी सहमत आहे. कार्डाची तपासणी चालू असेल तेवढ्या वेळात क्रमाचे काम संगणकावर करता येईल, म्हणून त्याबद्दल लिहितो.

प्लेअर फायली दोन वाटांनी दाखवतो. एक वाट फोल्डरची आणि दुसरी टॅगांची, म्हणजे कलाकार, अल्बम, शीर्षक अशा याद्यांची. टॅगांच्या वाटेने गेल्यास चांगले प्लेअर ट्रॅक क्रमांक पाहतात. तो क्रमांक भरलेला नसेल तर शीर्षकाच्या अकारविल्हे क्रमाने जातात. आता गंमत नव्हे, खरोखरची अडचण पाहा: शीर्षकात केवळ ‘द्रुत’ आणि ‘विलंबित’ असे लिहिले असेल, तर देवनागरीत द हा व च्या आधी येतो आणि रोमन लिपीत लिहिले तरी डी हे अक्षर व्ही च्या आधीच येते. म्हणजे कोणत्याही लिपीत लिहा, द्रुत आधी येणारच. आलाप मात्र दोन्हीकडे आपोआप पहिला येतो, त्यामुळे पुष्कळांच्या हा दोष लवकर लक्षात येत नाही.

फोल्डरच्या वाटेने गेल्यास वेगळाच नियम लागतो. फॅट पद्धतीच्या कार्डावर फोल्डरमधील नोंदी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने साठवलेल्या असतात. संगणक आपल्याला त्या नावाप्रमाणे लावून दाखवतो, पण काही साधे प्लेअर ती तसदी घेत नाहीत. जी फाईल आधी चढवली ती आधी वाजते. अशा प्लेअरसाठी फायलींना कितीही चांगले क्रमांक दिले तरी उपयोग होत नाही. त्यावर उपाय म्हणजे एकेक फोल्डर क्रमाने चढवणे, किंवा सर्व चढवून झाल्यावर फॅटसॉर्टसारख्या प्रोग्रॅमने कार्डावरील नोंदीच क्रमवार लावून घेणे.

म्हणून दोन्ही कामे करावीत. ट्रॅक क्रमांकाचा रकाना भरावा आणि फाईलच्या नावाच्या सुरुवातीलाही क्रमांक द्यावा. तो ०१, ०२ असा दोन अंकी असावा, कारण नुसता १, २ लिहिला तर बऱ्याच प्लेअरांवर १ नंतर १० येतो आणि २ त्यानंतर. हे एकेका फाईलला हाताने करण्याची गरज नाही. एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये पूर्ण फोल्डर निवडून क्रमांक एकदम देता येतात आणि टॅगांवरून फाईलचे नावही तयार करून घेता येते.

लिपिकार

नावांबद्दल मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण मराठी टॅगांवर मी बरीच वर्षे खटपट केली आहे. पडद्यावर काय दिसते त्यावरून दोष ओळखता येतो.

प्रश्नचिन्हे दिसत असतील आणि संगणकावरही तीच दिसत असतील, तर माहिती टॅगमध्ये लिहितानाच नष्ट झाली आहे. ज्या प्रोग्रॅमने टॅग लिहिला त्याने तो देवनागरी न समजणाऱ्या जुन्या संकेतात (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) लिहिला, आणि ज्या अक्षराला जागा नाही त्याऐवजी प्रश्नचिन्ह टाकले. असे टॅग दुरुस्त होत नाहीत, पुन्हा भरावे लागतात. संगणकावर नाव नीट दिसते पण प्लेअरवर विचित्र लॅटिन चिन्हांची रांग येते, तेव्हा माहिती शाबूत असते आणि प्लेअर तिचा संकेत चुकीचा समजत असतो. सर्वच देवनागरी नावांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर प्लेअरने अक्षर ओळखले आहे, मात्र त्याच्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार नाहीत. काही नावांच्याच जागी चौकोन येत असतील तर तिथेही बहुधा संकेतच चुकीचा समजला गेलेला असतो.

एमपी३ फाईलमधील टॅगांच्या, म्हणजे आयडी३ च्या, अनेक आवृत्त्या प्रचलित आहेत. पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला अवघे ३० बाइट मिळतात आणि देवनागरीची तिथे सोयच नाही. २.३ या आवृत्तीत यूटीएफ-१६ संकेत वापरता येतो आणि २.४ मध्ये त्याशिवाय यूटीएफ-८ देखील चालतो. माझा अनुभव असा की २.३ आणि यूटीएफ-१६ ही जोडी सर्वांत जास्त प्लेअरांना समजते. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये हीच जोडी निवडा आणि पहिल्या आवृत्तीचा टॅग काढून टाका. काही प्लेअर दोन्ही आवृत्त्या असल्यास नेमकी जुनी वाचतात, आणि तुमच्या काही फायली नीट दिसतात व काही नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

फॉन्ट असूनही एक दोष उरतो. आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते आणि दाखवताना ती आधी आणावी लागते. जोडाक्षरेही दाखवतानाच जोडली जातात. लहान प्लेअरांच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे प्लेअर चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, ही सोय पुष्कळदा नसते. मग ‘शिवरंजनी’ची वेलांटी श च्या मागे पडून पुढच्या अक्षरावर चढते आणि नाव ‘शविरंजनी’ असे वाचले जाते. ‘बागेश्री’तला श पाय मोडलेला दिसतो. वडील एवढे चालवून घेतील का, हे त्यांनाच विचारावे. नसेल तर शीर्षक रोमन लिपीत ठेवून देवनागरी नाव टिप्पणीच्या रकान्यात जपून ठेवावे.

शेवटचा मुद्दा बारीक आहे, पण त्याने मला एकदा दोन दिवस छळले होते. ‘ॲ’ हे अक्षर काही कळफलकांवर एकच चिन्ह म्हणून उमटते आणि काहींवर अ आणि अर्धचंद्र अशी दोन चिन्हे मिळून तयार होते. ‘वऱ्हाडी’मधला अर्धा र देखील दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, पण प्लेअरला ती दोन भिन्न नावे वाटतात आणि ‘वऱ्हाडी लोकगीते’ नावाचे दोन अल्बम यादीत एकाखाली एक उभे राहतात. संपूर्ण संग्रहासाठी एकच कळफलक वापरावा आणि जमल्यास नाव एकदा लिहून नंतर नकलून चिकटवावे.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. एच२टेस्टडब्ल्यूची तपासणी काल रात्री पूर्ण झाली. कार्डात खरी जागा सुमारे ७ जीबी निघाली. माझ्या २२ जीबीपैकी साधारण एक तृतीयांश गाणीच नीट वाजत होती, ती का, हे आता समजले. कार्ड परत केले असून दुसरे आणल्यावर आधी तपासणी करीन आणि मगच फायली चढवीन.

नव्याने चढवायचेच आहे, तर मांडणीचाही मुळापासून विचार करावा असे वाटते. प्लेअरच्या याद्या कलाकार, अल्बम, प्रकार आणि शीर्षक एवढ्याच आहेत. राग कोठे लिहायचा? आणि घरी भरलेल्या फितीचा ‘अल्बम’ कोणता मानायचा?

मध्यलय

हे रकाने ज्या संगीतासाठी आखले गेले त्यात एक गायक, एक तबकडी आणि दहा-बारा सुटी गाणी असा हिशेब असतो. आपल्याकडे ऐकणारा राग शोधतो, गाणारा शोधतो, आणि दिवसाची वेळ पाहतो. म्हणून या रकान्यांचा अर्थ आपल्या गरजेप्रमाणे आपणच ठरवावा लागतो, आणि एकदा ठरवला की शेवटपर्यंत तोच पाळावा लागतो.

माझ्याकडे अल्बम म्हणजे एक मैफल. कॅसेट हा अल्बम मानू नये, कारण एक मैफल दोन कॅसेटींवर असते आणि एका कॅसेटवर कधी दोन मैफलींचे तुकडे असतात. कॅसेटचा क्रमांक टिप्पणीत लिहावा, म्हणजे मूळ फीत पुन्हा काढायची झाली तर सापडते. प्रकार या रकान्यात मी रागाचे नाव लिहितो. प्रकाराच्या यादीत गेले की यमन, मारवा, पूरिया धनाश्री अशी रागांची यादी समोर येते, आणि यमनवर बटण दाबले की घरातील सगळे यमन एकत्र मिळतात. बटणांच्या प्लेअरवर याहून सोपी सोय मला सापडलेली नाही.

संमेलनाचा अल्बम तीन ठिकाणी का विभागला, तर त्यात तीन गायक आहेत म्हणून. ‘अल्बमचा कलाकार’ असा एक वेगळा रकाना असतो. त्यात तिन्ही गायकांच्या फायलींना ‘संमेलन १९८४’ असे एकच नाव द्या आणि कलाकाराच्या रकान्यात ज्याचे त्याचे नाव राहू द्या. प्लेअर हा रकाना वाचत नसेल, तर त्या एका अल्बमपुरते फोल्डरच्या वाटेनेच जावे लागेल.

नावांच्या आधी पदव्या लावू नका, ही कळकळीची सूचना आहे. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि ‘भीमसेन जोशी’ असे तीन कलाकार माझ्या यादीत कितीतरी महिने होते. शिवाय पदवीमुळे अर्धे गायक प मध्ये आणि उरलेले उ मध्ये जमा होतात. आदर मनात असतोच. यादीत मात्र ‘किशोरी आमोणकर’ हे नाव क मध्येच सापडले पाहिजे.

पूर्वांग

प्रकारात राग लिहिण्याला माझा विरोध आहे. प्रकार हा ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग, भावगीत असाच असावा. भावगीताला किंवा अभंगाला रागाचे नाव देता येईलच असे नाही, आणि मग ती सगळी गाणी यादीच्या तळाशी ‘अज्ञात’ म्हणून साचतात. राग शीर्षकाच्या आरंभी लिहावा, उदाहरणार्थ ‘मारुबिहाग, विलंबित एकताल’ आणि पुढे बंदिशीचे पहिले शब्द. शीर्षकांची यादी उघडली की राग आपोआप एकत्र येतात. भावगीतांसाठी संगीतकार आणि गीतकार यांचे वेगळे रकाने आहेत, तेही भरावेत. मराठी माणूस गाणे जितके गायकावरून आठवतो तितकेच संगीतकारावरून आठवतो.

वेळेप्रमाणे ऐकायचे असेल तर प्रहरांच्या वादनसूची (प्लेलिस्ट) करा. सकाळची भैरव आणि तोडीची, संध्याकाळची मारवा आणि पूरिया धनाश्रीची, रात्रीची बागेश्री, मालकंस आणि दरबारीची. वादनसूचीची फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवावी आणि तिच्यातील मार्ग त्या फाईलच्या स्थानापासून मोजलेले असावेत. संगणकावरील ड्राइव्हचे अक्षर त्यात आले तर प्लेअरला एकही गाणे सापडणार नाही.

मध्यलय

तुमचा मुद्दा भावगीतांपुरता मला मान्य आहे. मंद्रसप्तक यांच्या संग्रहात भावगीते किती आहेत, यावर त्यांनी ठरवावे.

नवी_फीत

या विषयाला धरूनच एक शंका विचारतो. माझ्या प्लेअरवर प्रत्येक गाणे दोनदा दिसते. त्यातील एकाच्या नावाआधी टिंब आणि अधोरेषा असते आणि ते वाजतच नाही. दोष कार्डाचा आहे का?

खर्ज

नाही, तुम्ही फायली मॅकवरून चढवल्या असणार. मॅक अशा कार्डावर प्रत्येक फाईलसोबत स्वतःच्या नोंदींची एक छोटी लपलेली फाईल ठेवतो आणि प्लेअर तिला गाणे समजतो. टर्मिनलमध्ये dot_clean -m ही आज्ञा कार्डावर चालवून त्या फायली काढा, मग प्लेअरला यादी पुन्हा तयार करायला सांगा.

मंद्रसप्तक यांच्यासाठी आता आवाजाबद्दल. तुमच्या फिती अठरा वर्षांच्या काळात वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या आहेत, तेव्हा एक फीत हळू आणि दुसरी मोठ्याने वाजणार, आणि वडिलांना सारखे बटण दाबावे लागणार. रीप्लेगेन नावाच्या पद्धतीत प्रोग्रॅम प्रत्येक फाईल मोजून ‘किती कमी-जास्त करावे’ एवढीच नोंद टॅगमध्ये ठेवतो, आवाजाला हात लावत नाही. प्लेअर ही नोंद वाचत नसेल, तर एमपी३गेन हा प्रोग्रॅम फाईलमध्येच १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी पातळी बदलतो. त्यातही पुन्हा एन्कोडिंग होत नसल्याने दर्जा घटत नाही. दोन्हींत एक पथ्य पाळावे: मोजणी अल्बमप्रमाणे करावी, फाईलप्रमाणे करू नये. फाईलप्रमाणे केल्यास शांत आलापही द्रुत तानांइतका मोठा होतो आणि गायकाने जपून चढवत नेलेली मैफल सपाट होऊन जाते.

विलंबित आणि द्रुत यांच्यामधील क्षणभराची शांतता ही अशीच बाब आहे. एमपी३ तयार होताना फाईलच्या दोन्ही टोकांना किंचित मौन जोडले जाते. ते किती आहे याची नोंद लेमसारखे एन्कोडर (एमपी३ बनवणारे प्रोग्रॅम) फाईलमध्ये ठेवतात, पण साधे प्लेअर ती वाचत नाहीत. तबला चालू असताना तिथे खळ पडली की सम (तालाची पहिली मात्रा) निसटल्यासारखी वाटते. फ्लॅकमध्ये मुळात ही भर पडतच नाही. रॉकबॉक्स हे २००१ पासून विकसित होत असलेले मुक्त फर्मवेअर असे जोड व्यवस्थित सांभाळते, रीप्लेगेनही वाचते. मात्र ते मोजक्याच प्लेअरांवर चालते, तेव्हा त्यांच्या यादीत तुमचे मॉडेल आहे का ते आधी पाहावे. नसेल तर संपूर्ण रागाची एकच फाईल करणे उत्तम. द्रुतावर थेट उडी मारता येणार नाही, पण क्रम चुकण्याची भीतीही राहणार नाही.

कॅसेटची बाजू संपल्यामुळे जिथे गाणे तुटले आहे तिथे मात्र जोड लपवू नका. दोन सेकंद हळूहळू आवाज कमी करून पुढची बाजू सुरू करावी, आणि हे काम मूळ फ्लॅक मुद्रणांवर करून मग नव्याने एमपी३ बनवावे.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. नवे कार्ड तपासणीत पूर्ण ६४ जीबीचे निघाले आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घेतले. पहिल्यांदा फक्त दहा फायली चढवून सर्व याद्या पाहिल्या आणि मग बाकीच्या चढवल्या. प्लेअर रॉकबॉक्सच्या यादीत नाही, म्हणून प्रत्येक रागाची एकच फाईल केली. भावगीते फक्त ११ कॅसेटींवर होती, तेव्हा प्रकाराच्या रकान्यात राग लिहिला आणि त्या गाण्यांना ‘भावगीत’ असेच लिहिले. लिपिकार यांनी सांगितल्याप्रमाणे आयडी३ २.३ केल्यावर प्रश्नचिन्हे आणि चौकोन गेले. वेलांटी अजून चुकीच्या अक्षरावर पडते. वडिलांना दाखवले, तर त्यांनी रोमन लिपी नको म्हणून सांगितले.

मैफलींचा क्रम लावताना मी कॅसेटवरील ‘अ’ आणि ‘ब’ या खुणांवर विसंबलो होतो. वडिलांनी ऐकताना चार ठिकाणी बाजूंची अदलाबदल झाल्याचे दाखवून दिले, कारण भरताना त्यांनी फीत उलटी घातली होती आणि ते त्यांच्या लक्षात होते. त्या चारही फायली पुन्हा जोडल्या. वेष्टनावर काहीच लिहिलेले नाही अशा नऊ कॅसेटी उरल्या आहेत. दररोज संध्याकाळी त्यांतील एक ऐकून ते राग, गायक आणि साथीदार सांगतात, मी ते टिप्पणीच्या रकान्यात उतरवून घेतो. आतापर्यंत पाच झाल्या. सहावीवरील राग नायकी कानडा की सुहा, याबद्दल त्यांचे अजून ठरलेले नाही, म्हणून ती फाईल सध्या ‘कानडा’मध्ये ठेवली आहे.